तीस चांदण्यांची तयारी

आमच्या भाऊजींचा धंदा म्हणजे आग विझवायची लाल नळकांडी तपासणं. दुकानं, कचेऱ्या, गोदामं फिरायचं, भिंतीवरचं नळकांडं काढून हलवून बघायचं, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहायचं आणि त्याच्या गळ्यातल्या कार्डावर तारीख टाकून सही करायची. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात भाऊजी दारातूनच नळकांड्यावर नजर टाकतात आणि सही ठोकतात. मी औषधाच्या दुकानात काम करते, तिथलं नळकांडंही त्यांच्याकडेच आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. नुसत्या पाट्या टाकायच्या. त्यांच्या कचेरीत त्यांना ‘टिकमार्क’ म्हणतात, आणि या माणसाला तो मान वाटतो.

असा माणूस आमच्या चर्चमध्ये मुलांच्या विभागाचा प्रमुख आहे. का, तर आवाज मोठा आणि रविवारी दुसरं कुणी मोकळं नसतं.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलात नर्स आहे आणि तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. मी त्यांच्याच घरात मधल्या खोलीत राहते. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची चिमणी, यंदा शाळेत जायची होती. पोर मुळातच दबकी. नवा माणूस काही विचारायला लागला की हिचं उत्तर यायला बराच वेळ लागतो. पण येतं. थांबलं तर येतं.

शाळा सुरू व्हायला महिना होता तेव्हा भाऊजी उपासनेनंतर उभे राहिले आणि घसा साफ केला. “दप्तर घेता, बूट घेता, डबा घेता. पण आत्म्याची तयारी? ती कोण करणार?”

उत्तर त्यांच्या खिशातच होतं. लहान मुलांसाठीचा एक ख्रिस्ती कार्यक्रम, तीस भागांचा. त्यात एक कापडी कोकरू शाळेत जातं, रोज काहीतरी संकट येतं, कोकरू प्रार्थना करतं आणि सगळं मार्गी लागतं. प्रत्येक मुलाने शाळेआधी तीसही भाग बघायचे. प्रत्येक भागाला कार्डावर एक चांदणी. तीस चांदण्या झाल्या की मूल तयार. “माझी मुलगी भरलेलं कार्ड घेऊन सगळ्यांच्या आधी इथे उभी राहील,” भाऊजी म्हणाले. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि मंडळी आमेन म्हणाली.

मग ते कार्ड तीन आठवडे भाऊजींच्या बॅगेत पडून राहिलं. आठवण झाली तेव्हा सहा दिवस उरले होते. तीस भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. टिकमार्कला वेगाचं बटण सापडलं.

सहा संध्याकाळ आमच्या बाहेरच्या खोलीत ते कोकरू दुप्पट वेगाने धावत होतं. शेपटाला आग लागल्यासारखं बोलायचं. प्रार्थनेला हात जोडेपर्यंत आमेन होऊन जायचं. चिमणी जमिनीवर बसून बघायची, भाऊजी खुर्चीत बसून उद्याच्या नळकांड्यांच्या कार्डांवर आजच सह्या करायचे, आणि मी कोपऱ्यात माझा पांढरा कोट इस्त्री करायचे.

“भाऊजी, एवढ्या घाईत तिला कळतंय तरी काय?”

“मेहुणीबाई, मुलांचं मन टीपकागद असतं. सगळं शोषून घेतं.”

“टीपकागदालाही जरा टेकवावं लागतं.”

“तुम्ही इस्त्री बघा,” ते म्हणाले आणि एक चांदणी चिकटवली.

मी इस्त्री बघितली. मधूनच चिमणी पडद्याकडे बघून तोंड उघडायची आणि लगेच मिटायची. मला वाटलं, जांभया देतेय.

रविवारी तिला कार्डासकट उभं केलं. टाळ्या झाल्या. सोमवारी शाळा सुरू झाली आणि गुरुवारी सकाळी शाळेने बोलावून घेतलं. ताई ड्यूटीवर होती, म्हणून भाऊजींबरोबर मी गेले.

वर्गाच्या बाईंनी आम्हाला मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. चिमणी बाईंच्या टेबलाला टेकून उभी होती.

“तीन दिवसांत एक शब्द नाही,” बाई म्हणाल्या. “नाव विचारलं तरी तोंड उघडते आणि मिटते. काल बाथरूमला जायचं सांगता आलं नाही, कपडे ओले झाले. असंच राहिलं तर हे वर्ष तिला घरी ठेवा, असं मला लिहून द्यावं लागेल.”

भाऊजींनी काय करावं? खिशातून कार्ड काढलं. “तिसांपैकी तीस आहेत, बाई!”

मला त्या बुटक्या खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. पण भाऊजी थांबतायत कसले! त्यांनी कोकराची सगळी महती सांगितली आणि शेवटी म्हणाले, “अकरावा भाग लावा. भीतीवरचा आहे. बघा कशी खुलते.”

बाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर तो लावला. तिथे वेगाचं बटण कुणी दाबलेलं नव्हतं. कोकरू सावकाश चालत आलं, आणि चिमणी त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघायला लागली.

“तुला शाळेत कशाची भीती वाटते?” कोकराने विचारलं. “मला सांग.”

आणि ते गप्प झालं. डोळे मिचकावले. एक कान हलवला. पुढे काहीच नाही.

भाऊजींनी हात पुढे केला. “अडकलं वाटतं.”

“अडकलं नाही,” बाई म्हणाल्या. “ते थांबलंय.”

चिमणीने तोंड उघडलं आणि सवयीने मिटलं. मला तेव्हा त्या जांभया कळल्या. सहा संध्याकाळ ते कोकरू विचारायचं आणि हिचा शब्द ओठावर यायच्या आत पुढे पळायचं. पोरीने तेवढंच शोषून घेतलं होतं, की विचारतात पण थांबत नाहीत.

कोकरू अजून वाट बघत होतं. चिमणीने पुन्हा तोंड उघडलं.

“शाळा सुटल्यावर मला न्यायला कोण येणार?”

कोकरू डोलायला लागलं आणि प्रार्थनेला बसलं. बाईंनी ते बंद केलं.

सोमवारी शेजारच्या काकू गेल्या होत्या. मंगळवारी भाऊजींच्या कचेरीचा ड्रायव्हर, ज्याला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. बुधवारी मी, चाळीस मिनिटं उशिरा. सकाळी तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण सकाळी आमचंच ठरलेलं नसायचं. भाऊजींच्या डोळ्यातलं कुसळ मी महिनाभर दाखवत होते. माझ्या डोळ्यात मुसळ होतं, आणि मी इस्त्री करत होते. मला माझी किळस आली.

“सांगा तिला,” बाई म्हणाल्या. “आज कोण येणार?”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. माझी दुकानातली ड्यूटी दुपारी सुरू व्हायची होती. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हातातलं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा खिशात ठेवलं.

चिमणी आमच्या दोघांकडे बघत उभी राहिली. तिला घाई नव्हती. ते कोकरू थांबलं होतं, तशीच ती थांबली.