गुरुवारी बसलेला शब्बाथ

पुण्याजवळच्या पिरंगुटच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या सोयीसाठी केव्हातरी ठरलेली ही व्यवस्था. तिच्याशी देवाधर्माचा काही संबंध नाही. आमची उपासनेची मंडळी मात्र तिच्यामुळेच मोडली. आम्ही शनिवार पाळणारे ख्रिस्ती. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे कामधंदा बंद, चूलही शक्यतो बंद. माझ्या शिक्षक वडिलांनी भरे गावात भाड्याच्या खोलीत उपासना सुरू केली तेव्हा माणसे दाराबाहेर बसत. मी भौतिकशास्त्रात संशोधन करू लागले तोवर आम्ही बापलेक आणि एका फिटरचे कुटुंब, एवढेच उरलो होतो.

एका शनिवारी उपासनेनंतर, आदल्या दिवशीची गार भाकरी मोडताना, फिटरने विषय काढला.

"काका, आता शनवारची रजा मिळायची न्हाई. सायेब म्हनतो, तुझा देव लई सुट्ट्या घेतो."

"देव निदान सांगून घेतो," त्याची बायको म्हणाली. "तुमी दर बारीला ताप आला म्हनून सांगता."

"मग गुरवारी बसूया की. सात दिसांत एक इसावा, हिशेब त्योच."

वडील रागावले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेली आहेस. जगात कुणी दिवस बदलला आणि तरी त्यांचा शब्बाथ टिकला, असं कुठं झालंय का, शोध. झालं असेल तर मी हट्ट सोडतो."

प्रश्न नेमका होता. असे प्रश्न मला आवडतात. काही आठवडे मी वाचत राहिले. रोमच्या सम्राटाने रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला, तरी इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात शनिवार आणि रविवार दोन्ही शतकानुशतके पाळले गेले. लंडनमध्ये शनिवारच्या मंडळ्या उभ्या राहिल्या आणि विरत गेल्या. त्यांची एक फांदी अमेरिकेत रुजली व तिथून हा दिवस जगभर पसरला, आमच्यापर्यंतही. ट्रान्सिल्वेनियात छळ सोसूनही शनिवार पाळणाऱ्यांचे शेवटी एक गाव उरले. त्यांचे वंशज अखेर यहुदी झाले आणि पुढे ते गावही धरणात गेले. सामोआ देशाने आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला जायचे ठरवले, तेव्हा एक अख्खा शुक्रवार गाळला गेला आणि शब्बाथ पाळणाऱ्यांत फूट पडली. काहींनी नव्या पंचांगातला शनिवार धरला. काहींनी अखंड मोजणीतला सातवा दिवस, ज्याला तिथे आता रविवार म्हणतात.

पुढच्या शनिवारी मी हे सारे मांडले.

"धरनात?" फिटर हसला. "म्हंजे मुळशीच की ती!" सामोआपाशी तो सरसावून बसला. "बगा काका, तितं सरकारनं वार हलवला, तर देवानं चालवून घेतलं."

"तिथं वार हलला," वडील म्हणाले. "इथं नुसतं कारखान्याचं बटण बंद असतं." मग मला विचारले, "तुझा निष्कर्ष?"

निष्कर्ष काढणे सोपे होते, वडिलांना ऐकवणे कठीण. जे टिकले त्यांच्या हाती बहुधा स्वतःची शेती, दुकान, निदान कामाची वेळ तरी होती. श्रद्धेची तीव्रता हा निर्णायक घटक दिसत नव्हता. दुसऱ्याने ठरवलेल्या पाळीवर राबणाऱ्यांचा शनिवार पिढ्यानुपिढ्या टिकलेला मला क्वचितच आढळला. सोयीसाठी दिवस बदलून टिकलेला तर एकही नाही. हिंजवडीत, आमच्यापासून एवढ्याशा अंतरावर, संगणक कंपन्यांतले असंख्य लोक शनिवारी घरी असतात. त्यांना तशी कोणतीही आज्ञा नाही.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. "तरी गुरुवारी बसा," ते फिटरला म्हणाले. "न बसण्यापेक्षा बरं. मी येईन, पवित्र शास्त्र वाचीन. शब्बाथ मात्र म्हणणार नाही त्याला."

पहिल्या गुरुवारी जुनी माणसेही परतली; कासारसाईहून एक कुटुंब दुचाकीवर आले. गीते जोरात झाली, वडिलांचा चेहरा उजळला, आणि आपला निष्कर्ष चुकावा असे मला मनापासून वाटले. पण कारखाना बंद असतो त्याच दिवशी यंत्रे उघडता येतात. फिटरने हे हिशेबात धरलेच नव्हते. दुरुस्ती हे दुसऱ्या पथकाचे काम, एवढेच त्याच्या डोक्यात होते. थोड्याच दिवसांत त्याला त्या पथकात टाकले. इतरांचा गुरुवार बाजाराने, दवाखान्याने, लग्नाच्या बोलण्यांनी भरला. एकदा सोयीने हललेला दिवस पुन्हा हलवता येतो, हे कुणालाही समजावून सांगावे लागले नाही.

मग घरमालकीण दारात येऊन उभी राहिली.

"गुरवारी न्हाई, शनवारी न्हाई. खोली कशापायी अडवताय, मास्तर? कामगार पोरं मागत्यात."

"शनिवारी आम्ही दोघं असतो."

"दोगांना घर हाय की!"

तिचा युक्तिवाद बिनतोड होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही खोली रिकामी केली. शब्बाथात ओझे उचलायचे नसते, म्हणून सूर्यास्ताआधी उरकायची घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील घरात खुर्ची ओढून बसले. समोर मी एकटीच. त्यांनी शास्त्र उघडले.

"बंधुभगिनींनो," ते म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे न पाहता ते वाचू लागले, अगदी हळू आवाजात.