दोन शब्दांची कोरी जागा

टायपिस्टबाईंनी निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर ज्या विद्यापीठात जन्मभर दुसऱ्यांचे प्रबंध टाइप केले, तिथेच प्राचीन ग्रीकच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. भाचीनं कपाळाला हात लावला. "मावशी, गुडघ्यांपायी तू गच्चीवर येत नाहीस, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर!"

"चढेन हळूहळू," बाई म्हणाल्या. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांना फक्त दोन शब्द वाचायचे होते.

त्यांच्या टाइपरायटरवर ग्रीक अक्षरं नव्हती. तेवढी जागा कोरी सोडायची आणि मागाहून शाईनं हातानं भरायची, अशी रीत. बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. एकाचाही अर्थ ठाऊक नसताना असे हजारो शब्द त्यांनी हुबेहूब उतरवले.

चौतीस वर्षांपूर्वी एक लाजाळू संशोधक आपल्या प्रबंधाचं टाइप करायचं राहिलेलं शेवटचं पान घेऊन आला. अर्पणपत्रिका. दोनच शब्द. "दोन्हींच्या शेवटच्या अक्षराखाली बारीक दांडी आहे, ती विसरू नका हं," म्हणाला. बाईंनी जीव ओतून लिहिलं आणि विचारलं, "आईचं नाव वाटतं?"

त्याचा चेहरा पडला. "बघा, वाचता आलं तर," एवढंच पुटपुटला. पुढे आठ दिवस काही ना काही निमित्त काढून तो कचेरीत येत राहिला. कधी टाचणी माग, कधी नुसताच उभा राहा. पडला विद्वान, सरळ बोलणं कुठलं जमायला? मग दूर कुठे नोकरी लागली आणि गेला तो गेलाच.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. पण विचारणार कोणाला? आईचंच नाव निघालं तर चारचौघांत हसं, आणि नाही निघालं तर त्याहून पंचाईत. घरात कोणी लग्नाचं काढलं की बाई विषय बदलायच्या. आज विचारू, उद्या विचारू करता करता केस पिकले. निवृत्तीच्या महिनाभर आधी विभागाच्या फलकावर त्याच्या निधनाची सूचना लागली. ती टाइप बाईंनीच केली होती.

मग त्या विशीतल्या पोरांशेजारी पहिल्या बाकावर बसल्या. रूपं घोकताना दोनदा भाजी करपली. ग्रंथालय खालच्याच मजल्यावर होतं, पण कोश उघडून चोरून अर्थ लावायचा नाही, नीट वाचता येईल तेव्हाच जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दुसरं सत्र संपत आलं तेव्हा एका दुपारी त्या उतरल्या.

प्रबंधावर धूळ होती. शाई तपकिरी झाली होती, पण दोन्ही दांड्या जागच्या जागी होत्या. बाईंनी बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

'हे लिहिणारीला.'

पान भिजू नये म्हणून त्यांनी ते जरा लांब धरलं.

"अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "आपल्या भाषेत सांगायचं ना."