काठीचं पुढचं टोक

आफ्केने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. चीझच्या कारखान्यात दिवसभर चीझची जडच्या जड चाकं उलटीपालटी करणारी बाई, अंगाने दणकट आणि तोंडाने फटकळ. पण कालव्यावर बर्फ धरला की तिची बोबडी वळायची. कालव्यांच्या मुलखात, फ्रीसलंडात जन्मून बर्फाला भ्यायचं म्हणजे कोळ्याच्या पोरीने पाण्याला भिण्यातलीच गत. लोक हसायचे आणि ती हसू द्यायची.

कारण गावाला ठाऊक होतं. लहानपणी ती पुलाखालच्या पातळ बर्फातून थेट पाण्यात गेली होती. पुलाखाली बर्फ धड धरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पुलाच्या अलीकडे थांबायचं, स्केट्स न काढताच काठावर चढायचं, अंथरलेल्या जुन्या गालिच्यांवरून खुरडत जायचं आणि पलीकडे पुन्हा बर्फावर उतरायचं. त्या दिवशी ती थांबली नाही. बापाने वेणीला धरून बाहेर काढली. तेव्हापासून तिने स्केट्सना हात लावला नव्हता.

आणि आता त्याच बापाला बर्फावर न्यायची पाळी तिच्यावर आली. म्हाताऱ्या हिड्डेचे दोन्ही डोळे गेलेले, पाय मात्र अजून पक्के. लांब काठीचं पुढचं टोक मुलाने, येल्मरने, धरायचं आणि मागचं टोक धरून हिड्डेने सुसाट निघायचं, असा बापलेकांचा रिवाज होता. येल्मर कॅनडाला निघून गेला, आणि बर्फ आला तो कित्येक हिवाळ्यांनी.

"माझा हा शेवटचाच बर्फ," हिड्डे म्हणाला. "बाउक्येआत्याच्या गावापर्यंत जाऊ. बहिणीच्या हातचं वाटाण्याचं सूप खाऊ आणि येऊ."

"बाबा, मला नुसतं उभंसुद्धा राहता येत नाही."

"मग शीक. येत होतं की तुला!"

शिकायचं ते स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ढकलत, चार वर्षांची पोरं शिकतात तसं. पाणी सोडून गोठवलेल्या कुरणात आफ्के खुर्चीला घट्ट कवटाळून उभी राहिली, तेव्हा शेजारची क्लास्के काठावरून ओरडली, "अगं, खुर्ची घेऊन कुठे निघालीस? पाहुणे यायचेत का?"

"तूच ये. बस हिच्यावर, कालव्यात नेऊन सोडते!" आफ्के म्हणाली खरी, पण खुर्ची काही सोडेना.

हिड्डे काठावर बसून तिच्या पायांकडे कान लावायचा. "डाव्या पायावर भार टाकतच नाहीस. ऐकू येतंय मला. गुडघे वाकव, समोर बघ. आणि तोल गेलाच तर कुशीवर पड."

"मला पडायचंच नाहीये, बाबा."

"तिथंच तर चुकतंय तुझं."

हळूहळू खुर्ची सुटली. पाय आपोआप आळीपाळीने सरकू लागले. एक गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आली नाही. इतके दिवस थांबायचं झालं की आफ्के खुर्चीवर रेलायची, त्यामुळे खुर्चीशिवाय थांबायला ती शिकलीच नव्हती.

रविवारी सकाळी दोघं निघाली. वारा पाठीमागून होता.  भीतीने आफ्केची नजर सारखी पायांकडे जात होती. मागून हिड्डे मात्र लहान मुलासारखा खूश होऊन "चल, चल!" करत होता. त्या आवाजाने तिला इतकं बरं वाटलं, की वेग वाढल्याचं तिला कळलंच नाही.

एकाएकी हिड्डेने कान टवकारले. "आफ्के, बर्फाचा आवाज पातळ झालाय. पूल आला का गं?"

तिने मान वर केली. पूल समोरच होता. त्याच्याखाली काळं पाणी हलत होतं. गालिचे डाव्या हाताला मागे पडले होते.

"बाबा, थांबता येत नाहीये!"

काठी सोडली तर बाप आंधळाच पुढे जाणार आणि न सोडली तर दोघंही जाणार. 

"पड!" हिड्डे गरजला. "कुशीवर!"

आफ्केने डोळे मिटले आणि काठाच्या दिशेने अंग झोकून दिलं. काठीसकट हिड्डे तिच्यावर येऊन आदळला आणि दोघं घसरत घसरत काठच्या लव्हाळ्यांच्या जाळीत जाऊन अडकली. तिच्या स्केट्सच्या टोकापाशी बर्फाला बारीक तडे जात होते.

 मग हिड्डेने चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि केसांवरून हात फिरवला. मग ते मुठीत घट्ट धरले, सोडेचना. बापालाही इतकी वर्षं ह्या पुलाची भीती वाटत होती, हे तिला तेव्हा कळलं.

"चल पोरी, घरी जाऊ," तो म्हणाला. "नको ते सूप. उगीच हट्ट केला मी."

आफ्के कशीबशी गुडघ्यांवर उठली. काठीचं पुढचं टोक तिने हातात घेतलं.

"घरी जायचं तरी बर्फावरूनच जावं लागेल, बाबा," ती म्हणाली. "मग गालिच्यांवरून पुलाला वळसा घालून आत्याकडेच जाऊ. उठा, काठी धरा."