सेनापतीचं ताट शेवटी

"सेनापती शेवटी जेवतो! पुढं व्हा, मी येतो मागून," असं म्हणत आमचे मोठे सर रिकामं ताट छातीशी धरून खिचडीच्या रांगेत अगदी शेवटी उभे राहायचे. पहिलीतलं एखादं पोरगं उशिरा धावत आलं, तरी त्यालाही पुढे घालायचे. त्यांच्या वाट्याला बहुधा पातेल्याच्या बुडाची खरवडच यायची. ती ते इतक्या चवीने खायचे, की पोरं उगाच त्यांच्या ताटात डोकावायची.

मुख्याध्यापक तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. कुणी कागदाला भितं, कुणी साहेबाला. हिंगोलीकडच्या गोरेगावपलीकडे असलेल्या आमच्या शाळेतल्या या गृहस्थांना वेड होतं लढायांचं. जुन्या लढायांची पुस्तकं वाचायची आणि त्यातले धडे आम्हा चार शिक्षकांवर आजमावायचे. खडू संपला की "रसद तुटली." माकडं खिचडीवर आली की "वेढा पडला." तपासणीला साहेब यायचे म्हटलं, की मला बाजूला घेऊन सांगायचे, "मॅडम, तुमी डाव्या बगलेला राहा. चौथीचं गणित कच्चं हाये. तिकडं शत्रूला फिरकू देऊ नका." मला हसू आवरायचं नाही. साहेबांना वाटायचं, शाळा फार आनंदी आहे.

एका वर्षी मात्र खरीच लढाई आली. शेजारच्या गावात इंग्रजी शाळा निघाली आणि तिची पिवळी गाडी दारापर्यंत येऊन पोरं नेऊ लागली. पाडव्यापर्यंत पहिलीला दहा नावं मिळाली नाहीत, तर आमची शाळा बंद होणार होती. मग उरलेल्या पोरांनी रोज ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जायचं.

सरांनी वर्गाच्या फरशीवर खडूने अख्खं गाव काढलं. "गाडी आठाला येते. आपण सहालाच हल्ला करायचा!"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही पाचजण प्रवेशाचं रजिस्टर घेऊन निघालो. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या दारातली म्हातारी वैतागून म्हणाली, "काहून कड्या वाजवून राहिले? समदे हळद शिजवायला गेले शेतात."

एवढी साधी गोष्ट आमच्या हेराला ठाऊक नव्हती. हेर म्हणजे मी होते.

"माघार घ्यायची का, सर?" मी चाचरत विचारलं.

"छ्या! रणांगण बदललं फक्त."

शेतात वाफाळत्या हळदीचे ढीग पडत होते आणि बोलायला कुणाला सवड नव्हती. सरांनी रजिस्टर बांधावर ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि हळद पसरायला लागले. मग आम्हालाही पसरावीच लागली. दुपारपर्यंत आम्ही पाचहीजण पिवळेधमक झालो. शाळेचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

जेवायला बसलो. भाकरी वाढत होती ती बाई आपल्या मुलीला इंग्रजी शाळेतच घालणार, हे गावाला माहीत होतं. सर सवयीने एकेकाला पुढे करत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा टोपल्यात अर्धीच भाकरी उरली होती. तीही ते मिटक्या मारत खाऊ लागले.

"सर, तुमी रोजच असं मागून जेवता?" बाईने विचारलं.

"व्हय. सेनापती..."

"ते सेनापती-बिनापती मला कळत न्हाई. पण माझं लेकरू लई हळू जेवतं. घाई केली की उठून जातं. तुमच्याकडं ते उपाशी राहणार न्हाई. लिहा नाव."

तिचं पाहून बाकीचेही पुढे आले आणि संध्याकाळपर्यंत अकरा नावं झाली. रजिस्टरच्या त्या पानावर सरांच्या अंगठ्याचे पिवळे ठसे अजून आहेत. परतताना सर बांधावरून चक्क नाचले, आणि त्यांच्यामागे आम्हीही.

यंदा ते निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते, रांगेत शेवटी मीच उभी राहते, आणि खरवड मला मुळीच आवडत नाही.

निरोपाच्या दिवशी त्यांना हिंगोलीला पोचवायला आम्ही सगळे निघालो होतो. वाटेतले प्रवासी भरून नेणारी जीप आली. सरांनी एकेकाला आत बसवलं. आधी मला, मग खिचडीवाल्या मावशींना, इतर शिक्षकांना, हारांच्या पिशवीला आणि शेवटी तीन अनोळखी माणसांना. जीप गच्च भरली आणि ड्रायव्हरने ती सोडली. आम्ही ओरडेपर्यंत वळण आलं.

मी मागे पाहिलं. ज्यांना पोचवायचं होतं ते सर रस्त्यावर एकटेच, गळ्यात हार, कपाळाला हात लावून सलाम ठोकत उभे होते. मला हसू येत होतं आणि रडूही. सर मात्र मजेत ओरडत होते, "पुढं व्हा! मी येतो मागून!"