चार वाजता येणारा नंबर

बाबा गुरुवारी गेले. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला आणि पडद्यावर तोच नंबर दिसला.

हा कॉर्डलेस बाबांनीच आणला होता. शनवाऱ्यातल्या आमच्या घरी त्यांनी तो दिवसभर चार्जिंगला ठेवला, मग कोणाचा नंबर कुठे दिसतो ते आम्हाला दाखवलं. पुढे हा एक नंबर आला की ते हँडसेट उचलून गच्चीवर जात. आई खालून म्हणे, "जा, जा! आमच्यासमोर बोलायला लाज वाटते ना?" कोणीतरी बाई असावी, असं मलाही वाटत असे.

म्हणून त्या दिवशी मी रागानेच विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी तुकईथडचा काका. दादा नाही, ठाऊक आहे रे. पण चार वाजले की हात फोनकडे जातोच."

शेताची वाटणी झाल्यापासून आईने या काकांशी अबोला धरला होता. घरात त्यांचं नाव निघालं तर ती ताटावरून उठे. म्हणजे बाबा गच्चीवरून या भावाशीच बोलत होते; आणि तेही केळीच्या घडांबद्दल, असं काकांनीच सांगितलं.

आता चार वाजता हँडसेट घेऊन मी गच्चीवर जातो. आई जिन्याकडे बघत राहते.