ह्यांचा बी गुडघा ऐका

लग्नात पंगतीला बसलं की शेजारची बाई हमखास विचारते, "दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून तुम्हाला त्रास होत नाही का हो?" जिलेबी संपेपर्यंत मी उत्तर देत नाही. खरं म्हणजे रडण्याच्या गोष्टींना आमच्याकडे फाईल असते. त्या फाईलमध्ये जातात, फाईल कपाटात जाते. हसण्याच्या गोष्टींना मात्र फाईल नाही. त्या डोक्यातच साठत जातात, आणि मग मेथी निवडता निवडता मी एकटीच हसायला लागते. घरच्यांनी आता कारण विचारायचं सोडून दिलंय.

तालुक्याच्या गावी, एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा आहे. एका खोलीत मी बसते, दुसरीत काळे सर. आम्ही दोघंही समुपदेशक. घरात भांडणं असतील, नवराबायकोचं पटत नसेल, झोप लागत नसेल, जीव घाबरा होत असेल, तर आमच्याशी येऊन बोलायचं. अधूनमधून आम्ही आसपासच्या गावांत, हसनाबाद, केदारखेड्याकडेही जातो. ज्यांनी "सांगा की, त्यात काय" म्हटलं त्यांचेच किस्से सांगते, तेही नावं बदलून.

आमच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी आहे. ती वाचून कुणाला काही कळल्याचं मला तरी आठवत नाही. सुरुवातीला एक म्हातारे शेतकरी आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गुडघ्याचं दुखणं सांगायला लागले. मला मध्ये बोलायला फटच सापडेना. गुडघ्यावरून गोष्ट मोसंबीच्या बागेवर गेली, बागेवरून धाकट्या मुलावर. तो पुण्याला नोकरीला लागलाय, आता फक्त सणावाराला येतो. तिथं ते पाणी प्यायले. मग मी हळूच सांगितलं, की बाबा, मी डॉक्टर नाही, हाडांचे डॉक्टर पलीकडे बसतात.

"असू द्या की," ते म्हणाले. "हलकं वाटून राह्यलं."

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. सोबत शेजारच्या वावरातला दोस्त. त्याला माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्यांचा बी गुडघा ऐका."

हसनाबादला एकदा बायकांची बैठक होती. 'तुम्हाला ताण कशानं येतो?' असं विचारलं की कुणी बोलत नाही, सगळ्या एकमेकींकडे बघतात. कारण ज्यांच्यामुळे ताण येतो त्यातल्या दोघीतिघी तिथंच बसलेल्या असतात. म्हणून मी उलटं विचारलं, की घरात सगळ्यात बरं कधी वाटतं? मला वाटलं, सण म्हणतील, माहेर म्हणतील.

मागून एक तरुण बाई म्हणाली, "लाईट गेल्यावर."

सगळ्या हसल्या, पण तिनं ते गंभीरपणे समजावून सांगितलं. लाईट असली की सासरे टीव्हीपुढं, मालक मोबाईलमध्ये, पोरं आपापल्या कोपऱ्यात. लाईट गेली की टॉवरही जातो. मग सगळे ओट्यावर येऊन बसतात. सासरे जुन्या गोष्टी काढतात, पोरं त्यांच्या मांडीवर लोळतात, आणि मालक पुठ्ठ्यानं वारा घेता घेता थोडा तिच्याकडेही घालतात.

हे ऐकून मी सगळ्यांनाच सांगितलं, की रोज थोडा वेळ टीव्ही, मोबाईल बंद ठेवून एकत्र बसून बघा. पुढच्या खेपेला चौकशी केली. बाकीच्यांचं काही जमलं नव्हतं, हिचं मात्र रोज जमत होतं. कसं काय जमवलं, मी विचारलं.

"संध्याकाळी मेन बटन मीच पाडते," ती म्हणाली.

आणि घरचे काही बोलत नाहीत का?

"बोलतेत की. वायरमनला."

काळे सरांकडे एक जोडपं यायचं. एकाच घरात राहत होते, पण आपसात बोलणं बंद. भांडण नेमकं कशावरून सुरू झालं हे दोघांनाही धड आठवत नव्हतं. सगळे निरोप नवऱ्याच्या आईमार्फत जायचे. मुलगा जेवताना म्हणायचा, तिला सांग, भाजी लई खारट झाली. आई चुलीपाशी जाऊन सुनेला सांगायची, अजून वाढ म्हणतो. सून म्हणायची, सांगा त्यांना, मी चालले माहेरी. आई ओट्यावर येऊन मुलाला सांगायची, तिला माहेरी सोडायला चल, तुझ्याबिगर करमत न्हाई म्हणती. आणि तो खरंच गाडी काढून तिला सोडायला गेला होता.

सरांनी दोघांशी वेगवेगळं बोलून बघितलं, तर दोघंही गोंधळलेले. इतकं गोड बोलणारा माणूस माझ्याशी बोलत का नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. शेवटी सरांनी आईला बोलावून घेतलं आणि निरोपांबद्दल विचारलं. आई शांतपणे म्हणाल्या, की मला ऐकायला कमी येतं, जसं ऐकू येतं तसं सांगते.

पुढं दोघं बोलायला लागले. मुलाला आईची दया आली. त्यानं ठरवलं, की तिला जालन्याला नेऊन कानाचं मशीन बसवून आणायचं. त्याच आठवड्यात आई एकट्याच सरांकडे आल्या. खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, त्याला समजावून सांगा. मशीन बिलकुल नको. घर आत्ता कुठं बराबर चालून राह्यलंय."

आता हा किस्सा खुद्द काळे सरांचा, आणि त्यांनीच चहाच्या टपरीवर सांगितलेला. ऐकण्यात सर पक्के. समोरच्याचं बोलणं तोडत नाहीत, घड्याळाकडे बघत नाहीत. एका सोमवारी बाहेरच्या बाकावर बरीच गर्दी होती. सरांनी आतून "पुढचे या" म्हणून हाक मारली आणि आत आल्या त्या वहिनी. म्हणजे सरांच्या मिसेस. रीतसर केसपेपर काढून रांगेत बसलेल्या.

सर हसत खुर्चीतून उठायला लागले. वहिनींनी दाराकडे बोट दाखवलं, की बाहेर लोक बसलेत, ते बघतायत. सर पुन्हा बसले. मग वहिनींनी सांगायला सुरुवात केली. माहेरी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय, पण सोबत कोण जाणार ते ठरत नाही. मुलीनं दहावीचा एवढा धसका घेतलाय, की ती केस ओढत बसते. आणि त्यांना स्वतःला शिवणाचा क्लास काढावासा वाटतो, पण विचारायचं कुणाला? सरांना हे सगळं नवीन होतं. वहिनींनी हे घरी आधीच सांगितलं होतं, बऱ्याच वेळा.

बोलणं झालं. सरांनी तोडलं नाही, घड्याळ बघितलं नाही. जाताना वहिनी दारात थांबल्या, बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही फार छान ऐकता. एकदा घरी या."

केदारखेड्याची द्वारका अशीच एका भेटीत आमच्याकडे आली, सासऱ्यांना घेऊन. सासरे म्हणजे आप्पा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. डोळ्यांनी दिसायला कमी झालं तसा मुलानं कळप विकून टाकला. त्या दिवसापासून आप्पा बोलायचे थांबले. वाढलं तर जेवायचे, नाहीतर अंगणात लिंबाखाली बसून रस्त्याकडे तोंड करायचे. मुलगा जालन्याला कारखान्यात, ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. घर, पोरं, कापूस वेचायला जाणं, सगळं द्वारकावर.

काळे सरांनी आप्पांना मेंढरांबद्दल विचारलं, चराईच्या रानाबद्दल विचारलं. आप्पा सरांच्या बुटांकडे बघत बसले. मी द्वारकाला सांगितलं, की त्यांना बोलायला भाग पाडू नको, पण काम करता करता तू त्यांच्याशी बोलत राहा. आणि तुझं कसं चाललंय, असंही विचारलं. मला काय धाड भरली, ती म्हणाली, आणि आप्पांचा हात धरून उठली.

नंतरच्या भेटींतही तेच. द्वारका बोलायची, आप्पा गप्प.

मग एकदा ती एकटीच आली आणि सांगायला लागली. त्या आठवड्यात धाकटं पोरगं तापानं फणफणलं होतं, वेचणीला खाडा करता येत नव्हता, नवऱ्याशी फोनवर कडाक्याचं वाजलं होतं. दिवस मावळताना तिनं पीठ परातीत तसंच टाकलं आणि घरामागच्या बांधावर जाऊन बसली. आज कुणाला जेवायला नको, कुणाला काही नको, असं तिच्या मनात. शेजारणीनं बोलावून पाहिलं. चुलत जाऊ येऊन हात ओढून गेली. ही हललीच नाही.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. आप्पा लिंबाखाली उभे होते, दोन्ही हात तोंडाशी धरून. कळपातून मागं राहिलेल्या मेंढीला घालायचे ती हाक, बिनशब्दांची, लांबवर जाणारी. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकून आजूबाजूची माणसं घराबाहेर आली. आप्पांना बांध दिसत नव्हता. ते सगळ्या दिशांना तोंड फिरवून हाक घालत होते, थांबत होते, कानोसा घेत होते, पुन्हा हाक घालत होते.

"मॅडम, मी काय मेंढी हाय का?" द्वारका म्हणाली. ती हसत होती की पदरानं डोळे पुसत होती, मला नीट कळलं नाही.

मी विचारलं, "मंग तू काय केलं?"

"काय करणार," ती म्हणाली. "गेले घरी."