चाळीस जणींत एक बिल्ला

अल्लीपूरच्या कुंताबाईंनी आयुष्यात भूत पाहिलं नव्हतं, पण नऊ वर्षांत हजारो शिवली होती. हिंगणघाट रस्त्यावरच्या परदेशी मालकाच्या कारखान्यात त्या तिकडच्या लेकरांसाठी सोंगांचे कपडे शिवत. काळ्या झग्यावर पांढऱ्या बरगड्या बसवायचं काम कुंताबाईंकडे. एखादी बरगडी वाकडी गेली की सुपरवायझर असा ओरडे, जणू सांगाड्याची तब्येतच बिघडली.

भुतांचा त्रास नव्हता, त्रास बिल्ल्याचा होता. चाळीस बायांच्या लायनीत लाकडी बिल्ला एकच. तो गळ्यात असेल तरच संडासाच्या दारावरचा वॉचमन आत सोडी. मे महिन्यातही बाया घोटभर पाणी जपून पीत. तिघींना मूतखडा झाला, तेव्हा कोणीतरी गुपचूप परदेशात तक्रार धाडली आणि चौकशीला एक गोऱ्या मॅडम आल्या.

त्यांच्यापुढे कोणाला बसवायचं ते मॅनेजर नीलेश साहेबांनी ठरवलं. सगळ्यात मुकाट बाई निवडली. ‘सगळं बेस आहे’ एवढंच म्हणायचं, हे कुंताबाईंकडून तीनदा घोकून घेतलं. चुकलात तर मशीन गेली समजा, हेही सांगून ठेवलं. पण बोलावणं आलं तेव्हा कुंताबाई संडासाकडेच निघाल्या होत्या. बिल्ला गळ्यात. तशाच साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये मॅडमपुढे जाऊन बसल्या.

मॅडम इंग्रजीत विचारत, साहेब मराठीत सांगत, कुंताबाई बेस आहे म्हणत. मॅडमजवळ प्रश्न फार. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. काचेपलीकडे एकेक मान वर होऊ लागली. कोण केव्हाची थांबली आहे ते कुंताबाईंना तोंडावरून कळत होतं, आणि त्यांची स्वतःची गतही काही निराळी नव्हती. मॅडमनी गळ्यातल्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी काय सांगितलं कोण जाणे, मॅडमनी कौतुकानं टाळ्याच वाजवल्या. पदक वाटलं असावं.

तेवढ्यात दार ढकलून लायनीतली गुंजन आत आली. सातवा महिना, चेहरा पांढराफटक.

"मावशी, बिल्ला द्या न. आता नाई होऊन राह्यलं."

कुंताबाईंनी बिल्ला काढला. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "काकू, मशीन पाह्यजे ना तुमाले?"

"पाह्यजे ना. पण हे काई बेस नाई, साहेब."

त्यांनी बिल्ला गुंजनच्या गळ्यात घातला. मग मॅडमकडे वळून दोन्ही पंजे उघडले, एकदा, दोनदा, असं चारदा, आणि काचेपलीकडच्या लायनीवरून हात फिरवला. शेवटी एकच बोट उभं करून ते बिल्ल्यावर टेकवलं.

मॅडमचं हसू मावळलं. साहेब काही सांगू लागले, तोवर त्या गुंजनचा हात धरून संडासाकडे चालायलाही लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुंताबाईंच्या मशीनवर दुसरी बाई होती. त्यांना पॅकिंगला टाकलं, दिवसभर उभ्यानं सांगाड्यांच्या घड्या घालायला. संडासाच्या दारावरचा वॉचमन मात्र हटवला होता. कुंताबाई थोडा वेळ उभ्या राहून तिकडे बघत राहिल्या, आणि गरज नसतानाही एकदा जाऊन आल्या.